काशीच्या काठाने, पायी पायी

अस्सी घाटावर रिक्षातून उतरतो न उतरतो तोच नावाडी भोवती जमले. पण आमच्या मातोश्री ऐकतील तर शपथ! वय ७२, गुडघे कुरकुरतात, तरी म्हणते कशी, "नावेतून बघायचं म्हणजे लांबून चित्र बघितल्यासारखं. मला पायऱ्या पायाला लागल्या पाहिजेत." झाले! नाव नाही, वाटाड्या नाही, पंडा तर नाहीच.

आणि वाचकहो, वाटाड्या हवा कशाला? येथे गंगा उत्तरेला वाहते आणि घाट सारे पश्चिम तीरावर. नदी उजव्या हाताला ठेवावी व चालू लागावे. घाटांची नावे भिंतींवर ठळक रंगवलेली आहेत. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात, तेव्हा जायचे ते दिवाळीनंतर आणि भल्या पहाटे.

तुळशीदासांचा घाट झाला. पुढे हरिश्चंद्र घाटावर चिता जळत होत्या. सौ.ने चपळाईने सासूबाईंना केदार घाटाचे तांबडे-पांढरे पट्टे दाखवले. आई काही बोलली नाही.

दशाश्वमेधाच्या अलीकडे भिंतीवर नाव दिसले आणि तिने मोठ्याने वाचले, "अहिल्याबाई घाट!" जणू सख्ख्या मावशीच्या दारातच आलो होतो. काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ १७८० साली ह्याच बाईंनी उभारले, हे तिने सुनेला दोनदा सांगितले. ज्या मानमंदिराच्या गच्चीवर जयसिंगाची वेधशाळा आहे, तिथे चढायला मात्र साफ नकार!

मग आली मणिकर्णिका. लाकडांचे डोंगर, ती तोलण्याचे काटे, धूर, आणि त्यातच एक चहावाला. मी म्हटले, "आई, वरच्या गल्लीतून जाऊ."

"का रे? मघाशीसुद्धा तुम्ही मला घाईने पुढं काढलंत. ह्यांना इथं यायचं होतं. पुढच्या वर्षी रजा मिळेल, त्याच्या पुढच्या वर्षी नक्की... मिळाली ती पेन्शनच. आणि मग दोन महिन्यांत..."

ती पायरीवर बसली. मी घड्याळ पाहू लागलो, तेव्हा सौ.ने माझी बाही ओढली. वीसएक मिनिटे कुणी काही बोलले नाही. रजेचे अर्ज मीही पुढे ढकलत आलो आहे, हे तिला ठाऊक होते की काय कोण जाणे!

"चल," ती उठत म्हणाली, "शिंद्यांचा घाट राहिलाय ना?"

बायजाबाई शिंद्यांच्या त्या घाटाशी रत्नेश्वराचे देऊळ एका अंगाला कलून पाण्यात उभे आहे. आईने ते निरखून पाहिले. "माझ्यासारखंच झालंय की! तरी उभं आहे."

नागपूरकर भोसल्यांचा घाट मागे टाकून पंचगंगेपाशी पोहोचलो, तो ऊन चांगलेच तापले होते. आता आलमगीर मशिदीच्या पायऱ्या चढायच्या की काय, म्हणून मी धास्तावलो. इतक्यात मातोश्रींनीच नावाड्याला हाक मारली. भाव करायचे काम तेवढे माझ्याकडे आले.