पाचव्या महिन्यातली तारीख

पुण्यात जॉब, हिंजवडीत फ्लॅट आणि माहेर देगलूर. अशी एखादी मैत्रीण तुमच्याही ऑफिसात असेल. 'गुड न्यूज' कळली की घरचा फोन ठरलेला : "सातवा लागला की ये गं इकडं, पहिलं बाळंतपण माहेरीच." जरूर जा! फक्त त्याआधी पाचव्या महिन्यातली एक अपॉइंटमेंट चुकवू नका.

ती म्हणजे १८ ते २२ आठवड्यांत होणारा अ‍ॅनॉमली स्कॅन. हजार बाळांमागे साधारण आठ जणांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातला एक फारच फसवा : हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. पोटात असेपर्यंत बाळ मजेत, कारण ऑक्सिजन वारेतून मिळतो. जन्मानंतर काही दिवसांत या वाहिन्यांना जोडणारी छोटी नळी बंद होऊ लागते आणि बाळ निळं पडतं.

सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे मात्र नॉर्मल दिसू शकतात. म्हणून विचारा, "डॉक्टर, बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्याही पाहिल्या ना?" एरवी एकमेकींना ओलांडणाऱ्या या दोघी समांतर दिसल्या, तर फीटल इको करतात. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. हृदयाबद्दल मात्र हक्काने विचारा.

आधी कळलं, तर तान्ह्या बाळांची हार्ट सर्जरी होते अशा शहरात बाळंतपण प्लॅन करता येतं. ती नळी औषधाने उघडी ठेवतात, पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन करतात आणि बहुतेक मुलं पुढे छान खेळतात-बागडतात. देगलूरहून नांदेडच ऐंशीएक किलोमीटर. निळं पडलेलं बाळ घेऊन रात्री गाडी शोधण्यापेक्षा हे बरं, नाही का?

उशिरा कळलं की काय होतं, हे २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहताने सोसलं. बाळाला हार्ट ब्लॉक होता, मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाही चुकलेली. निदान होईतो कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. हायकोर्टाने गर्भपाताची परवानगी नाकारली. पुढे काही दिवसांतच गर्भ आपोआप पडला. २०२१ मध्ये कायदा बदलला. गंभीर व्यंग असेल, तर मेडिकल बोर्डाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. पण विचार करायला, दुसरं मत घ्यायला दिवस हातात लागतातच.

आणि नवरोबा, त्या दिवशी तुम्हीही हाफ डे टाका. डोहाळजेवणाची तारीख घरचे काढतील. ही तारीख तुम्ही दोघांनी काढायची.