विद्यापीठात करतात तरी काय?

चिंताकीच्या बाजारात परवा एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस थांबवून एक प्रश्न विचारला. त्याचा नातू गुलबर्ग्यास विद्यापीठात आहे. एम. ए. झाला, तरी अद्याप तेथेच आहे आणि 'संशोधन करतो' असे घरी कळवितो. आजोबांना या शब्दाचा उलगडा होईना. ते म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं तितं बसून करलालेत तरी काय हो?" आम्ही काही उत्तर दिले, त्यांनीही मान डोलाविली, परंतु परतताना आमच्या ध्यानात आले की आमचे उत्तर पोकळ होते. ज्यांच्या घामाच्या पैशावर विद्यापीठे चालतात त्यांनी विचारलेला हा प्रश्न आहे. त्याचे नीट उत्तर देणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे, आणि लेखणी हाती धरणाऱ्या आमच्यासारख्यांचेही.

गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्वतंत्रपणे स्थापन झाले. त्यापूर्वी १९७० पासून तेथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. भाषा, इतिहास व अर्थशास्त्र यांपासून वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र व गणित यांपर्यंत अनेक विषयांत तेथे प्रबंध लिहिले गेले. आलेखसिद्धांत या गणितशाखेत तेथील प्राध्यापक व्ही. आर. कुल्ली यांचे नाव त्या शास्त्राच्या जाणकारांस परिचित आहे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा हा विचार. आमच्या शेतकऱ्यास तो कशाला हवा, असे कोणीही विचारील. परंतु तारांचे जाळे कोठून न्यावे, कमीत कमी ठिकाणी चौक्या बसवून साऱ्या रस्त्यांवर नजर कशी ठेवावी, हे प्रश्न शेवटी त्याच बिंदू-रेषांचे असतात. ज्ञानाचा उपयोग आधी ठरवून ज्ञान मिळविता येत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

ज्यांना ही गोष्ट पटत नाही त्यांच्यासाठी तुरीचे उदाहरण देतो. कारण तूर कळते तो सीमाभागातला माणूस. शेंगा धरण्याच्या ऐन वेळी उभे झाड माना टाकते, त्यास आपण 'मर' म्हणतो. त्याचे कारण जमिनीत वास करणारी बुरशी. ती मुळावाटे शिरून झाडाच्या रसवाहिन्या कोंडते. वरून कितीही फवारले तरी गुण येत नाही. बियाणेच रोगास दाद न देणारे हवे. ते शोधण्यासाठी शास्त्रज्ञ मुद्दाम रोगट जमीन राखतात, तीत शेकडो वाण पेरतात आणि जी झाडे तगतील तेवढीच पुढे वाढवितात. दुसरा रोग वांझ. त्यात झाड हिरवेगार दिसते, पण फूल नाही आणि शेंग नाही. या रोगाची पहिली नोंद १९३१ सालची. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामार्फत पसरतो हे पुढे कळले. परंतु त्यामागचा विषाणू नेमका ओळखला गेला तो सुमारे २००० साली. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे कोणी ना कोणी या प्रश्नाशी झुंजत होते. त्यांच्याही आजोबांनी त्यांस विचारले असेल की, बाबा, तू करतोस तरी काय?

या झुंजीतून काय निघाले ते आपल्या कोठारात पाहावे. पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'मारुती' हा मर रोगास तोंड देणारा वाण दिला. ती संस्था विद्यापीठ नव्हे. पण विद्यापीठांच्या हातात हात घालूनच ती काम करते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने वांझ रोगास दाद न देणारा 'बीएसएमआर ७३६' दिला. गुलबर्ग्याच्या कृषी संशोधन केंद्रातून 'टीएस ३ आर' निघाला. २०१९ साली कलबुर्गीच्या तुरीस भौगोलिक मानांकन लाभले, त्यामागे मातीचे गुण आहेत तसेच या संशोधनाचे कष्टही आहेत. बदनापूरचे बियाणे सीमा ओलांडताना कोणी त्यास त्याची मातृभाषा विचारली नाही.

गुरांचेही तसेच. देवणी हे गाव लातूर जिल्ह्यात. परंतु देवणी जातीची गुरे उदगीर, निलंगा, औराद, भालकी या साऱ्या मुलखाची. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन प्रकार आमच्या बाजारात दावणीला उभे असतात आणि कोणताही जाणता शेतकरी ते दुरून ओळखतो. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि हल्लीखेड येथे या जातीच्या संशोधनाचे त्याचे केंद्र आहे. संकराच्या लाटेत जी जात नाहीशी होण्याचा धोका होता, तिची शुद्ध पैदास राखणे हेही संशोधनच होय.

आता मातीखाली पाहू. यादगीर जिल्ह्यातील हुणसगीच्या खोऱ्यात, जो भाग २००९ पर्यंत गुलबर्गा जिल्ह्यातच होता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी आपले आयुष्य वेचले. तेथील इसामपूर या स्थळी आदिमानवाने चुनखडीच्या दगडातून हत्यारे घडविली; त्या जागेचे वय सुमारे बारा लाख वर्षे निघाले आहे. उस्मानिया विद्यापीठाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी यांनी बहामनी राज्याचा इतिहास लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दामाजीपंतांच्या कथेतला बेदरचा बादशहा आपण कीर्तनात ऐकतो. त्या दरबाराचा कारभार कसा चाले हे शेरवानींच्या ग्रंथातून कळते. पुणे विद्यापीठाने १९६३ साली शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ काढला; मराठीच्या आरंभकाळाविषयी बोलू इच्छिणाऱ्यास तो चुकविता येत नाही.

एवढे सारे मान्य करून आम्ही आता मूळ दुखण्याकडे वळतो. तुरीवर संशोधन झाले, गुरांवर झाले, दगडांवर झाले. परंतु चिंताकीचा माणूस जी भाषा बोलतो तिच्यावर कोणी किती श्रम घेतले? त्या वृद्धाने सहज उच्चारलेला 'करलालेत' हा शब्दच घ्या. पुण्यास 'करत आहेत' म्हणतात. उदगीर, औरादकडे 'करलालेत'. हे रूप आले कोठून? शेजारच्या कानडीचा त्यात काही अंश आहे काय, की मराठीचेच ते जुने वळण आहे? हैदराबादी उर्दू, तेलुगू आणि कानडी यांच्या सहवासात आमच्या मराठीने काय घेतले व काय दिले? हे प्रश्न विद्वत्तेच्या योग्यतेचे नाहीत, असे कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू एका गल्लीत कशा नांदतात, याचा अभ्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉन गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह केला. तो १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी तो अभ्यासला. त्यांस असे आढळले की शतकांच्या शेजारामुळे या भाषांचे व्याकरण एकमेकींच्या इतके जवळ आले की एकीचे वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. परंतु प्रत्येक समाजाने आपले शब्द मात्र सोडले नाहीत. सात समुद्रांपलीकडचे सरकारी विद्यापीठ कुपवाडपर्यंत आले. आमची विद्यापीठे चिंताकीपर्यंत का येत नाहीत?

याचे कारण आम्हांस स्पष्ट दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद दुसऱ्यात. जहिराबाद, नारायणखेड तिसऱ्यात. जी सुरी जमिनीवरून फिरली तीच विद्येवरूनही फिरली. मराठी बोलींचे सर्वेक्षण करणारे मुख्यतः महाराष्ट्राचे जिल्हे मोजतात; कर्नाटकातील विद्यापीठांच्या दृष्टीने मराठी ही कडेची भाषा; आणि निजामी अमदानीचे दप्तर पडले हैदराबादेस. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत पदे रचली, कानडीत रचली, हिंदुस्थानीतही रचली. त्यांचा समग्र अभ्यास करू पाहणाऱ्याने कोणत्या विभागाचे दार ठोठवावे? प्रत्येक विभाग आपापला तृतीयांश घेईल आणि संत मात्र तुकड्यांत उरेल.

येथे आम्हांस आपल्याच माणसांनाही दोन शब्द सुनवावयाचे आहेत. आम्ही चळवळीतली माणसे गावे मोजली, ठराव केले, मोर्चे काढले; परंतु जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या नाहीत. आजोबांच्या पेटीतली मोडी कागदपत्रे वाळवीने खाल्ली, तेव्हा आम्ही घोषणा देत होतो. जी भाषा आमची म्हणून आम्ही भांडतो, तिची नोंद ठेवण्याचे काम आम्ही दुसऱ्यांवर टाकले. शिवाय संशोधन म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार, अशी आपल्यातील काहींची समजूत आहे. ती चुकीची आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाने दाखविले की आमच्या बोलीत कानडीचा वाटा आम्ही समजतो त्याहून मोठा आहे, तर ते आम्ही ऐकून घेतले पाहिजे. ज्याचा दावा सत्यावर उभा आहे त्यास शोधाचे भय नसते. आणि ज्यास शोधाचे भय वाटते त्याने आपला दावा पुन्हा एकदा तपासावा.

भालकी तालुक्यातील हालहळ्ळी येथे आता बीदर विद्यापीठ झाले आहे. कर्नाटकातील नव्या विद्यापीठांस पैसा व अध्यापक यांची किती चणचण आहे हे सर्वश्रुत आहे. २०२५ साली त्यांतील बहुतेक बंद वा विलीन करावीत, असा विचार शासनाच्या उपसमितीतच झाला. अशा वेळी विद्यापीठ टिकते ते भोवतालच्या लोकांस ते आपले वाटले तरच. म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्वस्त आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंध 'शोधगंगा' या सार्वजनिक भांडारात ठेवले जातात, ही चांगली गोष्ट. पण त्यांतील बहुसंख्य इंग्रजीत असतात. या भागाविषयीच्या प्रत्येक प्रबंधाचा चार पानी सारांश कानडी, मराठी व उर्दूत काढून ग्रामपंचायतीत ठेवावा. बीदर, गुलबर्गा आणि नांदेड या विद्यापीठांनी सीमाभागातील बोलींचे काम एकत्र हाती घ्यावे, आणि त्यात मराठी व कानडी विद्यार्थी जोडीने असावेत. घरोघरच्या मोडी कागदांची सूची करावी आणि मूळ कागद मालकाकडेच ठेवून त्यांची छायाचित्रे घ्यावीत. नागरिकांनीही संशय सोडून पेट्या उघडाव्यात, आणि दारी आलेल्या अभ्यासकास चहा व वेळ दोन्ही द्यावीत.

त्या आजोबांना आमचे उत्तर आता असे आहे: बाबा, तुमच्या तुरीचा मर ज्यांनी थांबविला ती अशीच बसून राहिलेली माणसे होती. तुमच्या नातवास बसू द्या. मात्र सुट्टीत तो घरी येईल तेव्हा त्यास तुम्ही जवळ बसवा आणि काय शिकलास ते तुमच्या भाषेत सांगावयास लावा. ते त्यास सांगता आले, तर त्याचे संशोधन खरे. सांगता आले नाही, तर त्यास अजून थोडे शिकावयाचे आहे. आणि ते त्यास चिंताकीतच शिकता येईल.