मोरीत हात कोणी घालायचा?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी वणीच्या घराच्या मोरीत पालथा पडलो होतो. पाय घसरून नव्हे, मुद्दाम. डावा हात जाळीच्या भोकात कोपरापर्यंत, उजव्या हातात वाकवलेली तार आणि तोंडात बॅटरी. नेमका तेव्हाच आत्यांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला आणि मी काय करतोय ते सांगून मोकळी झाली. पलीकडून आलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: "अगं, इंजिनीअर ना तो? आपल्या घरात असली कामं कोणी केली होती का कधी?"

आत्या, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी उत्तर दिलं नाही कारण तोंडात बॅटरी होती. आज देतो. रागावू नका.

ज्यांनी घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वणी हे सप्तशृंगीच्या पायथ्याचं, दिंडोरी तालुक्यातलं गाव. (गड कळवण तालुक्यात, पण जग त्याला वणीचा गड म्हणतं. असो.) आमचं घर जुनं, लाकडी खांबांचं. आजोबांच्या वेळी तीन पायऱ्या चढून ओट्यावर यावं लागायचं. गडावर पायी निघालेले यात्रेकरू त्या ओट्यावर टेकून पाणी प्यायचे. आज दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. दर वेळी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर. खडी, डांबर, मग काँक्रीट. आमच्याकडे तळघर कधीच नव्हतं, रस्त्याने ते आम्हाला फुकटात बांधून दिलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या पेठेत जा, अशी बुडालेली घरं दिसतील.

आता रस्त्याबरोबर गटारही वर आलं. मोरीचा पाइप मात्र होता तिथेच. म्हणजे पाण्याने जायचं कुठे? चार तांबे अंगावर घेतले की घोट्याइतकं पाणी उभं. पावसाळ्यात तर गटारातलंच पाणी घर बघायला आत यायचं. त्यात मोरीचा नळ रात्रंदिवस ठिबकणारा, त्यामुळे शहाबादी फरशीवर कायमचं शेवाळ. मागच्या श्रावणात आई त्यावरून घसरली आणि दीड महिना मनगट प्लॅस्टरमध्ये होतं.

त्यानंतर आपण सगळ्यांनी काय केलं? चर्चा! फॅमिली ग्रुपवर प्रत्येकाचं मत. पुण्याच्या दादाचं म्हणणं, सगळं फोडून भिंतीच्या आतून नवे पाइप घ्या, टाइल्स लावा. काकांचं म्हणणं, आता त्या घरात काही राहिलं नाही, विकून टाका आणि वहिनींना नाशिकला न्या. म्हणजे बघा, गळका नळ आणि तुंबलेली मोरी, एवढ्यावर एका घराला फाशी! आणि या सगळ्या चर्चेत एकही माणूस मोरीपाशी खाली बसून आत काय झालंय ते बघायला तयार नव्हता. मीसुद्धा नव्हतो, हेही कबूल करतो.

सुरुवात नळापासून केली. आधी एका रात्री दहाला नळाखाली बादली लावली आणि सकाळी सहाला मोजलं. सात लिटर. म्हणजे दिवसाला एकवीस आणि वर्षाला साडेसात हजारांच्या वर. दुखणं काय होतं? आतलं रबरी वॉशर झिजलेलं आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसायच्या जागेवर चढलेला. वॉशर चहाच्या कपापेक्षा स्वस्त. थर लिंबू आणि जुन्या टूथब्रशने निघाला. इथवर फार शहाणा झालो होतो.

मग तोच शहाणपणा नडला. नळाच्या मागचा जोडही किंचित पाझरत होता. म्हटलं, जरा आवळू. लावला पाना, दिला हिसका, आणि भिंतीतला जीआयचा सॉकेट हातात आला. मेन कॉक बंद करायला धावलो तर तो वीस-पंचवीस वर्षांत कोणी फिरवलेलाच नव्हता, जागचा हलेना. पाणी माजघरापर्यंत. शेवटी गच्चीवरच्या टाकीच्या तोंडात आतून चिंधीचा बोळा कोंबला, तेव्हा कुठे थांबलं.

रात्री प्लंबर भाऊ आले. त्यांनी तुटलेला पाइप माझ्या डोळ्यांसमोर धरला. बाहेरून धडधाकट, आतून गंजाने भरलेला, करंगळीही जाणार नाही. म्हणाले, "साहेब, जुन्या जीआयला एकट्या पान्याने कधी फिरवायचं नाही. एका पान्याने पाइप धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. नाहीतर सगळा जोर भिंतीतल्या आट्यांवर जातो." मग टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच कशी गुंडाळायची तेही दाखवलं. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती सुटून येते.

"सगळे तुमच्यासारखे घरी करायला लागले तर गरिबाच्या पोटावर पाय येईल," हा मुद्दा ग्रुपवर एकाने मांडला होता. तो मी भाऊंनाच विचारला. ते हसले. म्हणाले, "वॉशरसाठी मला बोलवतच जाऊ नका. पाच मिनिटांच्या कामाचे पैसे सांगितले की तुम्हाला ते जास्त वाटतात, आणि मला पेट्रोलही सुटत नाही. पाइप बदलायचा असेल तेव्हा बोलवा, आणि तेव्हा घासाघीस करू नका." म्हणजे गरिबाच्या पोटाची काळजी आपल्याला फक्त आपले हात कोरडे ठेवायच्या वेळीच आठवते. भाव करताना ती कुठे जाते?

राहिली मोरी. जाळी काढली, नहाणी ट्रॅपमध्ये हात घातला. केसांचे गुंतवळ, साबणाचा खडूसारखा झालेला थर, अर्धा कंगवा आणि एक रुपयाचं नाणं. या ट्रॅपच्या वाटीत नेहमी बोटभर-दोन बोटं पाणी राहतं आणि तेच गटाराची घाण हवा अडवतं. आमच्या घरात "जुन्या घराचा वास" म्हणून जो प्रसिद्ध होता, तो वास घराचा नव्हताच. ट्रॅपची वरची वाटी कधीतरी कोणीतरी काढून ठेवली होती, पाणी लवकर जावं म्हणून!

पण साफ करूनही पाणी समोर जाणं शक्य नव्हतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणली, पाणी भरलं आणि मोजलं. समोरचं गटार मोरीच्या तळापेक्षा चार बोटं उंच, आणि मागचं परसू दीड फूट खाली! रस्ता फक्त पुढे वाढला होता, परसू अजून आजोबांच्याच पातळीवर होतं. मग मी आणि भाच्याने दोन रविवार खोदकाम केलं. समोरचं तोंड कायमचं बंद केलं, तीन इंची पाइप परसात वळवला, दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार ठेवला आणि शेवटी दगडगोट्यांचा शोषखड्डा. फक्त अंघोळीचं पाणी, संडासाचं नाही, आणि बोअरपासून लांब. यात नवं काहीच नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गावातली गटारं संपवली. आमच्या चर्चेला दोन वर्षं लागली आणि कामाला तीन रविवार.

आता आत्या, तुमच्या वाक्याकडे येतो. "आपल्या घरात असली कामं कोणी केली होती का?" नाही केली. पण मोरी तेव्हाही तुंबत असणारच ना? मग ती कोणीतरी साफ करत होतं. मागच्या दाराने येत होतं, मागच्या दाराने जात होतं, आणि त्याला पाणी वरून ओतलं जात होतं. त्याचं नाव तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत. मोरी माझी, केस माझे, साबण माझा, आणि हात दुसऱ्याचा. याला आपण घराण्याची रीत म्हणत आलो.

आप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट तुमच्या पिढीला ठाऊक असायला हवी. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतःहून मैला साफ करायचं काम मागितलं. 'वरच्या' जातीच्या कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार आला, तेव्हा त्यांनी जेवण कमी केलं. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण धरलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात याच माणसाने संडासाचे नवे नमुने तयार केले. आणि आपण? गाडगेबाबांची तसबीर ओट्यावर लावतो, त्यांच्या नावाच्या ग्रामस्वच्छता अभियानाच्या फेरीत पांढरे कपडे घालून फोटो काढतो, आणि घरी आल्यावर जाळीवरचे केस उचलायला बाईला हाक मारतो.

उत्साही मंडळींसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. हात घालायचा तो मोरीत. सेप्टिक टँकच्या आत उतरायचं नाही, आणि पाचशे रुपये दाखवून दुसऱ्यालाही उतरवायचं नाही. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं मरतच राहिली, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. टँकला उपसा करणारी गाडीच बोलवा.

मी काही मोठा पराक्रम केलाय असं नाही. एक सॉकेट तोडला, माजघर भिजवलं, भाऊंचे पैसे दिले ते वेगळेच. पण आता मोरी अंघोळीनंतर पंधरा मिनिटांत कोरडी होते, आई भिंत न धरता आत जाते, आणि ग्रुपवर घर विकायचा विषय गेले तीन आठवडे निघालेला नाही.

आत्या, दिवाळीला वणीलाच या. अभ्यंगस्नान आपल्या मोरीत. आणि बाकीच्या मंडळींनो, कॉमेंट नंतर टाका. आधी उठून आपल्या घराचा मेन कॉक कुठे आहे ते शोधा, आणि फिरतोय का ते बघा.