तोतये की वारसदार?

पाश्चात्य संगीताच्या आमच्याकडील रसिकांत एक मत इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. ते मत असे की, एखाद्या प्रख्यात रॉक बँडची गाणी जशीच्या तशी वाजविण्यासाठी जे वादक एकत्र येतात, ज्यांच्या मंडळीस ‘ट्रिब्यूट बँड’ असे नाव पडले आहे, ते सारे तोतये होत. त्यांच्यापाशी स्वतःची प्रतिभा नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या प्रतिभेवर पोट भरतात. एवढे बोलून नाक मुरडले की आपली रसिकता सिद्ध झाली, असाही समज पुष्कळांचा दिसतो. आमच्या मते हा निकाल अन्यायाचा तर आहेच. परंतु त्याहून वाईट हे की, गाणे जगते कसे याविषयीच्या अज्ञानातून तो निघालेला आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ‘तोतया’ या शब्दाचाच विचार करू. पानिपतानंतर (१७६१) भाऊसाहेबांचा जो तोतया उभा राहिला, त्याचा अपराध ‘मीच भाऊ’ असे तो म्हणाला, हा होय. नुसत्या साम्याबद्दल त्यास कोणी अपराधी ठरविले नसते. ट्रिब्यूट बँड याच्या नेमके उलट करतो; ‘आम्ही ते नव्हे’ हे तो आपल्या नावातच सांगून मोकळा होतो. ‘बीटलमेनिया’ या लंडनच्या नाट्यप्रयोगातील कलावंतांतून १९८० साली जी मंडळी निघाली, तिने ‘बूटलेग बीटल्स’ असे नाव घेतले. ‘बूटलेग’ म्हणजे चोरटा माल! इतक्या प्रामाणिकपणे स्वतःस चोर म्हणवून घेणारा चोर आम्ही तरी दुसरा पाहिला नाही. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी पिंक फ्लॉइडची गाणी वाजविणारी मंडळी निघाली. तिच्या नावात ‘ऑस्ट्रेलियन’ हे विशेषण आहे, आणि मूळ बँड इंग्लंडचा हे श्रोत्यांस ठाऊक असते. तिकिटावर खरे लिहिणाऱ्यास तोतया म्हणावयाचे, तर ‘सौभद्रा’तील नटावर तो खरा अर्जुन नाही म्हणून फिर्याद का लावू नये?

ज्यांची म्हणून ही चोरी, त्या धन्यांचे मत काय, हेही पाहण्यासारखे आहे. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात (१९९६) याच ऑस्ट्रेलियन मंडळीस वाजविण्यास बोलाविले. त्याच वर्षी ‘जूडास प्रीस्ट’ या बँडने आपला नवा गायक म्हणून टिम ओवेन्स याची निवड केली. हा ओवेन्स त्यांचीच गाणी गाणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमध्ये गात असे. धन्याने ज्यास घरात घेऊन गादीवर बसविले त्यास चोर ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यास कोठून आला, हे आम्हांस कळत नाही.

यावर आक्षेपक म्हणतील की, परवानगी असली म्हणून कला होत नाही. कलेस नवनिर्मिती हवी. ठीक आहे. परंतु नवनिर्मितीचे हे सोवळे रॉकच्या थोर पुरुषांनी तरी कधी पाळले होते काय? बीटल्सच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेत (१९६३) चौदा गाणी आहेत आणि त्यांपैकी सहा इतरांची आहेत. त्यापूर्वी हँबुर्गच्या रात्रीच्या अड्ड्यांत तासन्‌तास उभे राहून ते जे वाजवीत, त्यांत तर परक्या गाण्यांचाच भरणा असे. आमच्या महाराष्ट्रातील एक उदाहरण घ्यावयाचे तर पांचगणीचे घ्यावे. तेथील सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा झांझिबारात जन्मलेला पारशी मुलगा शिकत होता. १९५८ च्या सुमारास त्याने व त्याच्या सोबत्यांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यांत ते परदेशातून ऐकू येणारी लोकप्रिय गाणीच वाजवीत. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगास ठाऊक झाला. उसने सूर गळ्यात घोळविल्यावाचून स्वतःचा सूर सापडत नाही, ही गोष्ट गुरूपुढे वर्षानुवर्षे तीच चीज घोटणाऱ्या आमच्या देशात तरी सांगावी लागू नये.

‘परंतु त्यांनी पुढे स्वतःचे केले, यांनी केले नाही,’ असा प्रतिपक्षाचा अखेरचा बाण असतो. तोही आम्ही झेलण्यास तयार आहो. रचणारा आणि वाजविणारा ही दोन निराळी पदे आहेत, हे अन्य संगीतात सर्वांस मान्य आहे. बाख १७५० साली वारला. त्याचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ विस्मृतीत पडले होते, ते १८२९ साली बर्लिन येथे वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने पुन्हा उभे केले. त्यास कोणी नक्कल्या म्हटले नाही. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ सालचे. त्यातील पदे पिढ्यान्‌पिढ्या नवे गळे गात आले आहेत, आणि आपण त्यास परंपरा म्हणतो. रॉकमध्ये मात्र रचणारा व गाणारा बहुधा एकच असल्यामुळे, तो थकला वा वारला की गाण्यानेही मुके व्हावे असा एक विलक्षण नियम मानला जातो. हा नियम कलेचा नव्हे. तो व्यक्तिपूजेचा आहे. ट्रिब्यूट बँड हा नियम मोडतो, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा उपकार आहे.

‘ध्वनिमुद्रिका आहेत ना!’ असे म्हणणाऱ्यांस आमचा एक प्रश्न आहे. बीटल्सची तिकीट लावून झालेली शेवटची मैफल २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे झाली. ‘सार्जंट पेपर’ ही त्यांची कीर्तिशिखर मानली गेलेली ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. अर्थात तिच्यातील गाणी त्या चौघांनी मिळून तिकिटाच्या मैफलीत कधीच वाजविली नाहीत. तिच्यातील शेवटच्या गाण्यास चाळीस वादकांचा वाद्यवृंद लागला होता. तो ताफा मंचावर बसवून ते गाणे माणसांसमोर उभे करण्याचे कष्ट पुढे ट्रिब्यूट बँडांनी केले. जे मुळात मंचावर घडलेच नाही, त्याची नक्कल कशी होईल? येथे तर तथाकथित नकलाकारच पहिले वादक ठरतात!

पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील एक गाणे याहून बोलके आहे. त्यात क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचून केवळ आलापीने गाणे भरले. तो आलाप तिने तेथल्या तेथे सुचेल तसा घेतला आणि तिला मोबदला मिळाला तीस पौंड. २००४ साली तिने दावा लावला, २००५ साली तडजोड झाली, आणि त्यानंतर त्या गाण्याची सहरचनाकार म्हणून तिचे नाव छापले जाऊ लागले. त्या गाण्याच्या प्रत्येक ट्रिब्यूट बँडमधील गायिकेस तो क्षणभरात सुचलेला आलाप स्वर स्वर घोटून बसवावा लागतो. न्यायालयाची पायरी चढून जे टोरीबाईंस मिळवावे लागले, ते, म्हणजे ‘ही रचना आहे’ ही मान्यता, या अनामिक गायिका रोज रात्री आपल्या गळ्याने देत आल्या आहेत.

तथापि ट्रिब्यूट बँडचे जे जे म्हणून दिसेल ते सारे वाखाणावे, असे आमचे म्हणणे नाही. टोप, उसन्या मिशा, ओढूनताणून आणलेले लिव्हरपूलचे हेल, आणि मॅकार्टनी डावखुरा म्हणून त्याची भूमिका करणाराही डावखुराच हवा हा हट्ट, हे सर्व बहुरूप्याचे काम आहे. संगीताशी त्याचा संबंध नाही. न्यूयॉर्क येथे १९९८ साली निघालेल्या ‘फॅब फॉ’ मंडळीने टोप झुगारून सर्व परिश्रम बीटल्सच्या सुरांवर खर्च केले. शिकागो येथे १९९७ साली निघालेली ‘डार्क स्टार ऑर्केस्ट्रा’ तर ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या एखाद्या जुन्या रात्रीचा गीतक्रम तसाच घेते, परंतु त्या गाण्यांत विस्तार करते तो स्वतःचा. वारसदाराचा मार्ग तो हा, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. सभागृहाचा मालक ओळखीच्या गाण्यांची खात्रीची रात्र घेतो आणि नव्या बँडास दार बंद होते. पण ही भित्रेपणाची निवड मालकाची व तिकीट घेणाऱ्या श्रोत्याची आहे. जो नव्या बँडास ऐकण्यास कधी गेला नाही, त्याने ट्रिब्यूट बँडवर खापर फोडू नये. तसेच मंचावरील प्रयोगाचे मानधन परवाना-संस्थांमार्फत गीताच्या रचनाकारास पोहोचते, पण ज्याने मूळ मुद्रणात केवळ वाद्य वाजविले त्याच्या वाट्यास त्यातले काही येत नाही, हा अन्याय खरा आहे. तो कायद्याने दूर करावा. पोटासाठी वाजविणाऱ्याच्या माथी तो मारू नये.

आणि आता ज्या प्रसंगामुळे या वादास धार आली त्याकडे वळू. २७ मे २०२२ रोजी लंडन येथे ‘ॲबा व्हॉयेज’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात ॲबाचे चौघे मंचावर नसतात. संगणकाने घडविलेल्या त्यांच्या तरुणपणीच्या प्रतिमा एका प्रचंड पडद्यावर नाचतात. साथीस जिवंत वादक आहेत, पण लोक पाहतात त्या छाया. याच ॲबाची गाणी ‘ब्योर्न अगेन’ ही मेलबर्नची मंडळी १९८८ पासून हाडामांसाच्या गळ्यांनी गात आली. तिला हसणारे विद्वान या छायांस ‘युगप्रवर्तक’ म्हणून नमस्कार करतात. ज्यास घाम येत नाही, ज्याचा सूर चुकत नाही आणि म्हणून सावरतही नाही, ते चित्र अस्सल. आणि ज्याने पंधरा वर्षे खपून तोच सूर कमावला, तो माणूस तोतया! तोतया कोणास म्हणावे हे आमच्या टीकाकारांस कळेनासे झाले आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा तो कोणता हवा?

आमच्या वाचकांच्या घरोघरी गाणे शिकणारी मुले आहेत. ती आज दुसऱ्याची गाणी वाजवितात, उद्याही कदाचित तीच वाजवितील. त्यांस ‘स्वतःचे काही कर’ असे अवश्य सांगावे. परंतु ‘हे केलेस ते फुकट’ असे सांगू नये. गाणे कपाटात राहून टिकत नाही. ते कोणीतरी पुन्हा वाजवावे लागते, आणि जो ते नीट, निष्ठेने व आपल्या नावावर न खपविता वाजवितो, त्यास मानाने बसावयास जागा देणे हे श्रोत्याचे कर्तव्य होय.