पाणी कोण भरत होतं?

मागच्या दिवाळीत आमच्या घरी सगळे जमले होते. फराळ झाला, नातवंडं मोबाईलवर वाकली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "ठेवा रे ते बाजूला, आमच्या लहानपणी कसं होतं ते सांगतो." शिक्षकाला नोकरीतून निवृत्त करता येतं, पण त्याच्या बोलण्याला निवृत्ती नसते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. बिचाऱ्यांनी मोबाईल उपडे ठेवले.

मग काय, गाडी सुटली! मी १९५० सालचा. तेव्हाचं करमाळा म्हणजे किल्ल्याची तटबंदी, पेठ आणि वाड्यांच्या गल्ल्या. अंधार पडला की घरोघरी कंदील, स्वयंपाकघरात चिमणी. पेठेत एका दुकानात रेडिओ होता, तो ऐकायला आम्ही पोरं पायरीवर बसायचो. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, तेव्हाची गंमत सांगितली. पावलीचे पंचवीस नवे पैसे, पण एका आण्याचे सहा! म्हणजे चार वेळा एकेक आणा मोडला तर हाती चोवीसच. हा एक पैसा कुठे गेला यावर आम्ही वर्गात भांडलो होतो. नवरात्रात पहाटे चालत देवीच्या माळावर जायचो. कमलाभवानीचं दर्शन उरकायचं आणि मग ९६ पायऱ्यांच्या विहिरीवर उतरण्याचढण्याची शर्यत. थंडीत शाळूचा हुरडा. सुट्टीत जेऊरला जायला मिळालं तर आगगाडी बघायची. दाराला कुलूप नाही. कुणाच्याही घरी जेवावं...

मी रंगात आलो होतो. कोपऱ्यात अक्का शेंगा सोलत बसली होती. माझी थोरली बहीण, आता ऐंशीची. ती मान वर न करता म्हणाली,

"तुझं सगळं खरं आहे, बापू. पण पाणी कोण भरत होतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. चौथीत असताना तिची शाळा सुटली, कारण धाकटा भाऊ झाला होता आणि आईला हाताखाली कुणी हवं होतं. पहाटे आडावर नंबर लागायचा. दोराने पोहरा ओढायचा, कळशी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून घरी आणायची. अशा दहा-बारा खेपा. उन्हाळ्यात आड आटला की गावाबाहेरची विहीर. मी उठायचो तेव्हा हंडा भरलेला असायचा. तो कसा भरतो हा प्रश्न मला पडलाच नाही. मी पुढे शिकलो, ई.बी.सी. सवलतीत फी माफ झाली, बी.ए. झालो. अक्काला अंकगणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं, हे आमचे वडीलच सांगायचे! पायऱ्या म्हटलं की मला शर्यत आठवते, तिला कमरेवरची घागर. विहीर दोघांच्याही वाट्याला आली होती, पण एकाला खेळायला आणि दुसरीला भरायला.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्याच वयाच्या आसपासचे. मुलीने मधे बसून भाषांतर केलं. त्यांच्याही आठवणी अगदी माझ्यासारख्याच! दार उघडं, रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत खेळ, सकाळी दारात दुधाच्या बाटल्या. मग ते स्वतःच थांबून म्हणाले, पण पोलिओच्या भीतीने उन्हाळ्यात पोहायचे तलाव बंद व्हायचे, आणि काळ्या मुलांची शाळा वेगळी होती, ते आमच्यात खेळायला नसायचेच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला हा भेद बेकायदा ठरवला तो १९५४ साली, पण तो प्रत्यक्षात जायला पुढे कित्येक वर्षं गेली. तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, यांचं सुख कसं अपुरं होतं! आपल्या घरच्या ओट्यावरची वेगळी कपबशी मात्र त्या क्षणी आठवली नाही. माझा एक वर्गमित्र घरी यायचा, पण ओट्याच्या आत नाही. आई त्याला वरून चहा ओतायची, प्रेमाने, आणि ती कपबशी तोच विसळून कोनाड्यात ठेवायचा. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० सालीच रद्द केली होती. "कुणाच्याही घरी जेवावं" असं मी नातवंडांना सांगितलं, ते माझ्यापुरतं खरं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा. "आमच्या वेळी सगळं चांगलं होतं" या वाक्यातला 'आमच्या' शब्द तपासून घ्यायला हवा. १९६१ च्या जनगणनेत देशात शंभर बायकांमागे जेमतेम पंधरा साक्षर होत्या, पुरुष चाळीस. देवीच्या रोगाने माणसं मरत होती, ज्या वाचल्या त्यांच्या तोंडावर व्रण होते. तेव्हाची माणसं समाधानी होती म्हणतात. काही होती. बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे हे नुसतं इतरांना शिकवणं होणार नाही. १९७२ चा दुष्काळ. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळत होती, मुलांना सुकडी. वर्गात एक मुलगी रोज उशिरा यायची. शिस्तीच्या नावाखाली मी तिला दाराबाहेर उभं करायचो. एक दिवस ती यायची बंद झाली आणि मी हजेरीपटावर लाल शाईने गैरहजेरी मांडत राहिलो. ती पाण्याच्या रांगेत असायची, हे मला नंतर कळलं. घरात अक्का असूनही ते मला सुचलं नाही! ती मुलगी पुढे शिकली का, मला माहीत नाही.

काही मित्र म्हणतील, कशाला गोड आठवणी नासवता? मी नासवत नाही. हुरडा गोडच होता. शेजारी रात्री-अपरात्री धावून यायचे, म्हाताऱ्यांना ऐकायला कुणीतरी असायचं, हे आज कमी झालंय आणि त्याचं मला दुःख आहे. पण जमाखर्चाच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. मग आठवणी सांगतानाच तेवढी सूट का घ्यायची? शिवाय याने आजचंही नीट दिसत नाही. १९८० साली उजनी पूर्ण झालं, आपल्या तालुक्यातली गावं त्यात गेली, त्याच पाण्यावर आज ऊस आणि केळी उभी आहेत, केळी परदेशी जातात. आमच्या घरात नळ आला. तरीही २०२३ साली सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत करमाळा होताच. टँकर आला की घागर घेऊन कोण धावतं ते बघा. म्हणजे अक्काचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी अक्काला म्हटलं, तू सांग तुझ्या आठवणी. आधी म्हणाली, "मला काय आठवायचंय?" मग दोन तास बोलत होती. आडावरच्या मैत्रिणी, तिथे म्हटलेली गाणी, दोर तुटून पोहरा आत गेला तेव्हाची फजिती... खूप हसली. म्हणजे तिच्याकडेही गोड आठवणी होत्याच. माझ्या धाकट्या नातीने त्या वहीत उतरवून घेतल्या. शेवटी अक्काने वही हातात घेतली, एकेक अक्षर लावत पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "इथं 'पोहरा'ला काना राहिलाय."

खरंच राहिला होता. माझ्या लक्षात आला नव्हता.

असो. तुमच्याही घरात एखादी अक्का असेल. आपल्या आठवणी सांगून झाल्या की तिलाही विचारा. जमलं तर आधीच विचारा.