चार जोड्या, एक वाट

पुढच्या बाजूला पेढीचे कार्यालय, मागच्या फाटकाशी गोदाम आणि वजनकाटा. मध्ये सहा-सातशे मीटरचे आवार. खानदेश-विदर्भातील डाळमिलची अशी रचना अनेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाची आहे. तुरीचा हंगाम सुरू झाला की काट्यापुढे ट्रकांची रांग लागते. वजनाची चिठ्ठी, ट्रकचे छायाचित्र, कॅमेऱ्याचे चित्रण आणि गोदामातील शिल्लक हे सारे कार्यालयातील संगणकावर वेळेत पोहोचावे लागते. ते पोहोचले नाही, तर बिल थांबते, बिल थांबले की गाडी थांबते आणि गाडीवाल्याचे खडे बोल मुनीमजींना ऐकावे लागतात.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. मुलगा म्हणतो, आवारातून चर खणून फायबर टाकावी. वडील म्हणतात, जमिनीखाली टेलिफोनची दहा जोड्यांची केबल पूर्वीच टाकलेली आहे; तिच्यातील दोनच जोड्या वापरात आहेत, बाकीच्या पडून आहेत. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. अनेकान्ताचे संस्कार असलेल्या घरात अशा प्रसंगी आधी वस्तूचा स्वभाव पाहिला जातो. तांब्याच्या तारेचा स्वभाव काय, तो पाहू.

टेलिफोनची प्रत्येक वाट म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा. हा पीळ बाहेरचा गोंगाट कमी करण्यासाठी असतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. टेलिफोनवरील आवाजाला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच कंपनांची पट्टी पुरते. तारेची क्षमता त्याहून पुष्कळ मोठी असते. त्या उरलेल्या उंच पट्टीतून माहिती वाहून नेण्याच्या तंत्राला डीएसएल म्हणतात. मात्र तांब्याला एक मर्यादा आहे. अंतर वाढले की संकेत क्षीण होतो आणि कंपने जितकी उंच, तितका तो लवकर क्षीण होतो. म्हणून दूरच्या टोकाला एका जोडीवर मिळणारा वेग थोडाच असतो.

एक जोडी पुरत नसेल, तर चार जोडाव्यात, असा विचार अभियंत्यांनी केला. २००४ साली आयईईई या संस्थेने ८०२.३एएच हे मानक प्रसिद्ध केले. त्यात एका जोडीवर २,७०० मीटर अंतरापर्यंत किमान २ मेगाबिट वेगाचे उद्दिष्ट धरले असून ३२ जोड्यांपर्यंत एकत्र बांधण्याची सोय आहे. दोन्ही दिशांना सारखाच वेग देणारे एसएचडीएसएल तंत्र जवळच्या अंतरावर एका जोडीवरून ५.७ मेगाबिटपर्यंत जाऊ शकते. घरगुती ब्रॉडबँडच्या एडीएसएलमध्ये येण्याचा वेग अधिक आणि पाठवण्याचा कमी असतो; गोदाम आणि कार्यालय यांच्या व्यवहारात मात्र दोन्ही बाजूंनी तितकीच ये-जा असते. म्हणून इथे सम वेगाचे तंत्र उपयोगी पडते.

ही जोडणी चालते कशी, हे व्यापाऱ्याला बिल्टीच्या उदाहरणाने चटकन कळेल. मोठा माल एका टेम्पोत मावत नाही, तेव्हा तो चार टेम्पोंत भरला जातो आणि प्रत्येक नगावर क्रमांक घातला जातो. पोहोचल्यावर गोदामाचे मेहताजी क्रमांक जुळवून घेतात. तिसरा नग आधी आला आणि दुसरा यायचा असला, तर ते थांबतात. जोडणीतही तसेच होते. पाठवणारे यंत्र माहितीचे ६४ ते ५१२ बाइटचे तुकडे करते, प्रत्येकावर अनुक्रमांक घालते आणि जी जोडी मोकळी असेल तिच्यावरून तो रवाना करते. पलीकडचे यंत्र क्रमाने तुकडे लावून मूळ माहिती पुन्हा उभी करते. एखादी जोडी फारच संथ असली, तर तिच्या तुकड्यासाठी सर्वांना थांबावे लागते. म्हणूनच सर्वांत वेगवान जोडी सर्वांत संथ जोडीच्या चौपटीहून अधिक वेगवान नसावी, अशी मर्यादा मानकात घातली आहे.

आता हिशेब. समजा, एका जोडीवर ५ मेगाबिट वेग मिळाला. शंभर मेगाबाइटची फाइल म्हणजे ८०० मेगाबिट; ती पोहोचायला १६० सेकंद लागतील. चार जोड्या बांधल्या, तर वेग २० मेगाबिटच्या जवळ जाईल आणि तेच काम सुमारे ४० सेकंदांत होईल. ‘जवळ’ म्हणण्याला कारण आहे. अनुक्रमांक घालण्यात थोडा भाग खर्च होतो. शिवाय एकाच केबलमधील जोड्या एकमेकींच्या संकेतांत कुजबुज मिसळतात. चार जोड्यांतून नेमके चौपट फळ मिळत नाही, चौपटीहून थोडे कमी मिळते. दुसरीकडे एक लाभही आहे. पावसाळ्यात एखाद्या जोडीच्या सांध्यात पाणी शिरून ती बंद पडली, तरी वेग १५ वर येईल, पण वाट बंद होणार नाही. काट्यावरची गाडी थोडी हळू, पण निघेल.

इथे एका नेहमीच्या गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. दोन इंटरनेट जोडण्या घेऊन त्या एका राउटरला लावल्या की वेग दुप्पट होतो, असे सांगून उपकरणे विकली जातात. असा राउटर बहुधा कामे वाटून देतो. एकाचे काम या तारेवर, दुसऱ्याचे त्या तारेवर. दहा जणांच्या कार्यालयात त्याचा उपयोग आहेच, पण एकच मोठी फाइल एकाच तारेच्या वेगाने जाते. खऱ्या जोडणीत दोन्ही टोकांना एकाच पद्धतीने क्रमांक घालणारी आणि वाचणारी यंत्रे लागतात. एका टोकाने तुकडे केले आणि दुसऱ्या टोकाला ते जुळवता आले नाहीत, तर वाढलेल्या तारांचा उपयोग नाही. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘एकच फाइल सर्व जोड्यांवरून जाईल का?’ उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर पैसे देण्याची घाई करू नये.

जुनी केबल वापरायची ठरल्यास प्रथम जाणकाराकडून प्रत्येक जोडीची तपासणी करून घ्यावी. सांधे, गंज आणि मध्येच सोडलेले फाटे वेग खातात. एसएचडीएसएल आवाजाची पट्टीही व्यापते, म्हणून टेलिफोनच्या जोड्या वेगळ्या ठेवाव्यात. दोन्ही टोकांना वीज पडण्यापासून संरक्षण देणारे साधन बसवावे, कारण तांबे वीज वाहून नेते. काचेच्या धाग्याला ही भीती नसते. सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल, तर परवानगीचा प्रश्न येतो. वरील विचार स्वतःच्या आवारापुरताच आहे.

मग मुलाचे म्हणणे चुकले काय? नाही. पुढे वीस कॅमेरे लावायचे असतील, दोन गोदामे वाढवायची असतील, तर फायबरला पर्याय नाही. तिची क्षमता तांब्याच्या कितीतरी पट आहे. आवारात नवे बांधकाम किंवा पाण्याची पाइपलाइन होणारच असेल, तर त्याच चरात फायबर टाकणे शहाणपणाचे ठरेल. पण तीन-चार कॅमेरे आणि वजनाच्या चिठ्ठ्या एवढीच गरज असेल, तर पडून असलेल्या चार जोड्या ती भागवतील. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडून उपजीविका करण्याचा समावेश आहे. आवारात एकदा चर खणणे म्हणजे तो व्यवसाय नव्हे, हे खरे. तरीही मातीतील जीवांचा विचार करणाऱ्या घराने गरज नसताना कुदळ उचलू नये, एवढा विवेक त्यातून घेता येतो. जवळ आहे ते पुरते का, हे नवे घेण्यापूर्वी तपासणे हा अपरिग्रहाचाच व्यवहारी भाग आहे.

वडिलांनी तारा तपासून घ्याव्यात, मुलाने पुढील पाच वर्षांची गरज कागदावर मांडावी आणि दोन्ही कागद एका गादीवर बसून वाचावेत. आकडा २० मेगाबिटच्या आत राहिला, तर तांबे पुरेल. पुढे गेला, तर चर खणण्याचा दिवस पावसाळ्यापूर्वी ठरवावा. दोन्हींपैकी काहीही ठरले, तरी पुढील हंगामात काट्यावरच्या गाडीवाल्याला चिठ्ठी वेळेवर मिळेल.