शीथ काढल्यानंतरची धमनी

मनगटातून अँजिओग्राफी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. १९८९ मध्ये माँट्रियलच्या लुसिएन काँपो यांनी ही वाट दाखवली. २०११ च्या ‘रायव्हल’ चाचणीत, ७,०२१ रुग्णांमध्ये, जांघेपेक्षा मनगटाच्या मार्गाने रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत कमी होते हे दिसले. मार्ग योग्यच आहे. आमचा आग्रह आहे तो शीथ काढल्यावर मागे राहणाऱ्या धमनीसाठी.

सहा फ्रेंच शीथचा बाहेरचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर असतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची आणि मधुमेहींची रेडिअल धमनी याहून अरुंद असते. ती ताणली जाते, आतला थर खरचटतो. २०१० मध्ये योनेत्सू आणि सहकाऱ्यांनी अँजिओप्लास्टीनंतर लगेच ओसीटीने आतून पाहिले, तेव्हा ६७ टक्के धमन्यांत आतल्या थराला चिरा होत्या, तर ३६ टक्क्यांत इजा मधल्या थरापर्यंत गेली होती. पुढे भिंत जाड होते, धमनीची प्रसरणक्षमता मंदावते आणि काहींमध्ये ती पूर्ण बंद होते. अल्नार धमनी हात सांभाळून घेते. त्यामुळे रुग्ण तक्रार करत नाही आणि आपणही तपासत नाही.

पनवेल परिसरातल्या कॅथलॅबमध्ये पेण, रोहा, महाडहून रुग्ण येतात आणि डिस्चार्जनंतर गावच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांतल्या कुणाला उद्या मुंबईत बायपास लागेल, कुणाला डायलिसिससाठी याच धमनीवर फिस्तुला. कॅथेटर गेलेली रेडिअल धमनी बायपाससाठी टाळावी, असे २०२१ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून क्रिएटिनिन वाढलेला असेल तर कोणता हात, कोणती धमनी, हा निर्णय सुई टोचण्याआधीच व्हायला हवा.

उपाय महागडे नाहीत. शक्य तिथे लहान शीथ, पुरेसे हेपरिन आणि प्रवाह चालू ठेवून केलेले रक्तस्तंभन. अंगठ्याला ऑक्सिमीटर लावा, बँड आवळा, अल्नार दाबून धरा. मग पडद्यावर लहर परत दिसेपर्यंत बँडची हवा हळूहळू सोडा. टोचल्या जागी रक्त येऊ लागले तर तिथेच थांबून थोडी हवा परत भरा. २००८ च्या ‘प्रॉफेट’ अभ्यासात, ज्याच्या लेखकांत अहमदाबादचे तेजस पटेल होते, एवढ्याने ३० दिवसांनंतरचे बंद धमनीचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. ही काळजी सिस्टर आणि टेक्निशियन यांच्या हातात आहे. त्यासाठी त्यांना वेळ आणि शिक्षण देणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे.

डिस्चार्जआधी नुसती नाडी चाचपून भागत नाही. धमनी बंद असली तरी हाताच्या तळव्यातील कमानीतून उलट आलेल्या प्रवाहाने ठोका बोटाला लागतो. म्हणून तेव्हाही अल्नार दाबून ऑक्सिमीटरची लहर पाहा. धमनी नुकतीच बंद झाल्याचे आढळले, तर अल्नार तासभर दाबून ती पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करता येतो. ही संधी रुग्ण घरी गेल्यावर उरत नाही.

स्टेंटचे नाव, लांबी, व्यास आपण डिस्चार्ज कार्डावर लिहितोच. त्याखाली आणखी एक ओळ येऊ द्या: कोणत्या मनगटातून, कोणत्या मापाच्या शीथने, आणि घरी जाताना धमनी उघडी की बंद. मुंबईतल्या शल्यविशारदाला आणि महाडच्या फॅमिली डॉक्टरला पुढचा निर्णय त्या ओळीवरच घ्यायचा आहे.